मॉड्युलेशनचं मल्टी पेडल घेताय? आधी आपले तीन इफेक्ट ठरवा

दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच की कोरस, फेजर, ट्रेमोलो असे गिटारचा आवाज हलवणारे, म्हणजे मॉड्युलेशनचे, सगळे इफेक्ट एकात असलेलं पेडल (पायाने चालवायचा डबा) घ्यायचंय, कुठलं घेऊ, आणि पाठोपाठ दोन-तीन मॉडेल्सचे फोटो येतात, याच्यात ११ इफेक्ट आहेत, त्याच्यात १२ आहेत, मग १२ वालंच बरं ना? तसं नसतं हो. १२ पैकी तुम्ही खरे वाजवणार तीन, फार तर चार, आणि ते तीन तुमच्या गिटारवर, तुमच्या अँपवर कसे वाजतात यावरच पैसे वसूल होणार की नाही ते ठरतं. म्हणून आधी आपले तीन कुठले ते शोधा, पेडल नंतर.

शोधायचं असं की आवडती आठ-दहा गाणी काढा जिथे गिटारचा आवाज हलतोय असं वाटतं, आणि नक्की काय हलतंय ते ऐका. आवाज नुसता लहान-मोठा होत असेल तर ट्रेमोलो. सूरच वर-खाली डुलत असेल तर व्हायब्रॅटो. या दोन नावांचा गोंधळ मात्र जुना आहे, बऱ्याच जुन्या फेंडर अँपवर व्हायब्रॅटो लिहिलेलं असतं ते खरं ट्रेमोलो, आणि फेंडरच्याच स्ट्रॅट गिटारच्या दांडीला ट्रेमोलो म्हणतात पण ती सूर हलवते म्हणजे व्हायब्रॅटो, त्यामुळे नाव वाचून नाही, ऐकून ठरवा. दोन गिटारवाले एकच गोष्ट वाजवतायत पण अगदी केसभर मागेपुढे असं वाटलं तर तो कोरस, तिथे मूळ आवाजाबरोबर साधारण २० मिलिसेकंद उशिराची एक कॉपी मिसळलेली असते आणि तो उशीर सतत थोडा कमी-जास्त होत राहतो. तोच उशीर पाच-सात मिलिसेकंद किंवा त्याहूनही कमी केला आणि बाहेर आलेला आवाज परत आत फिरवला की फ्लँजर, विमान डोक्यावरून गेल्यासारखा. फेजर त्याच्या जवळचा वाटतो पण मऊ असतो, कारण त्यात उशीर नसतोच, आवाजाचा फेज (लहरीचा चढ-उतार कुठे आहे तो) टप्प्याटप्प्याने फिरवतात आणि काही फ्रिक्वेन्सी गळतात. १९७४ साली आलेल्या एमएक्सआर फेज ९० मध्ये असे चार टप्पे आणि वर एकच नॉब, तेवढ्यावर गिटारवादक एडी व्हॅन हेलनने काय काय करून दाखवलं ते सगळ्यांना माहितीये.

मग युनिव्हाइब. हा माझा सगळ्यात लाडका, म्हणून जरा जास्त बोलतो. साठच्या दशकाच्या शेवटी जपानच्या शिन-एई कंपनीत फुमिओ मिएदा यांनी बनवला, आत मधोमध एक छोटा बल्ब आणि भोवती चार फोटोसेल (प्रकाश ओळखणारे भाग), बल्ब लुकलुकतो तसा आवाज फिरतो. पण बल्ब पटकन पेटत नाही आणि पटकन विझतही नाही, त्यामुळे तो फिरणं एकसारखं नसतं, थोडं लंगडत चालल्यासारखं होतं, आणि सगळी गोडी त्या लंगडण्यात आहे. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने १९६९ ला अमेरिकेतल्या वुडस्टॉक महोत्सवात वाजवला तो हाच. डिजिटल पेडलमधला व्हाइब बघताना हेच ऐकायचं, ते लंगडणं नसेल तर तो नाव बदललेला फेजर समजा.

आता दुकानात गेल्यावर. आपली गिटार घेऊन जा, दुकानातल्या भारी गिटारवर सगळंच छान वाजतं. अँप क्लीन ठेवा आणि पहिल्यांदा कोरस लावा, फ्लँजर नाही, फ्लँजर सगळ्यांचाच पहिल्या दोन मिनिटांत भारी वाटतो. रेटचा (हलण्याच्या वेगाचा) नॉब घड्याळात नऊ वाजतात तिथे, डेप्थ (किती हलतं ते) निम्म्यावर, आणि ई मायनर एकदाच वाजवून हात काढून घ्या. कॉर्ड विरत जातो तेव्हा शेवटचे चार-पाच सेकंद कान देऊन ऐका. चांगल्या कोरसमध्ये खालची तार स्थिर राहते आणि वरच्या तारा पाण्यावर प्रकाश हलतो तशा हलतात, वाईट कोरसमध्ये सगळी कॉर्डच बेसूर झाल्यासारखी वाटते, जणू कोणी ट्यूनिंगची खुंटी हातात धरून बसलंय. माझ्या कानाला तरी स्वस्त आणि चांगल्या पेडलमधला फरक जोरात वाजवताना कळत नाही, विरताना कळतो. नंतर मिक्सचा (मूळ आणि हललेल्या आवाजाचं प्रमाण ठरवणारा) नॉब आहे का बघा. नसेल तर किमान डेप्थ शून्यापर्यंत हळूहळू उतरते का, की एकदम गायब होते, ते बघा, कारण बँडमध्ये वाजवताना घरच्यापेक्षा अर्धंच मॉड्युलेशन लागतं.

त्यानंतर तुमचा ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका करणारं पेडल) लावून परत तेच. फेजर आणि व्हाइब बहुतेकांना ड्राइव्हच्या आधी आवडतात, मग ते गायल्यासारखे घोगरे होतात, कोरस आणि ट्रेमोलो ड्राइव्हच्या नंतर, नाहीतर ट्रेमोलोचा लहान-मोठा आवाज ड्राइव्ह दाबून टाकतो आणि काही ऐकूच येत नाही. आता सगळं एकाच डब्यात असेल तर अडचण ही की डबा एकाच जागी बसणार. स्ट्रायमन मोबियस या मल्टी पेडलमध्ये यावर उपाय आहे, आत-बाहेर जास्तीच्या केबल जोडून प्रत्येक प्रीसेटला (साठवलेल्या सेटिंगला) ठरवता येतं की हा ड्राइव्हच्या आधी की नंतर. तुमचे तीन इफेक्ट जर दोन वेगवेगळ्या जागी लागत असतील तर ही सोय असलेलंच बघा, किंवा सरळ एक साधा फेजर वेगळा घ्या आणि बाकीच्यांसाठी मल्टी. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो.

ट्रेमोलो चालू केल्यावर एकूण आवाज पडल्यासारखा वाटतो, मीटरवर नसेल पण कानाला वाटतोच, तेव्हा प्रत्येक इफेक्टला वेगळा लेव्हल पाहिजे म्हणजे पाहिजेच.

टॅप टेम्पोबद्दल, म्हणजे पायाने ठोके देऊन लय ठरवायच्या सोयीबद्दल, जरा नीट वाचा. मागे गणपतीत एका कार्यक्रमात माझ्याकडे टॅप नसलेलं पेडल होतं, एक इवलासा स्क्रीन आणि सगळं मेनूच्या आत, गाणं तालमीपेक्षा चढ्या लयीत सुरू झालं आणि ट्रेमोलो जुन्याच लयीत, मी वाकून मेनूत शिरून रेट शोधेपर्यंत मुखडा संपून अंतरा आला होता. त्या दिवसापासून टॅप नसेल तर मी ट्रेमोलोसाठी पेडल बघतच नाही. आणि नुसता टॅप पण पुरत नाही, त्याचे भाग करता आले पाहिजेत, कारण आपल्याकडे अर्धी गाणी दादऱ्याच्या अंगाची असतात. समजा लय १०० बीपीएम (मिनिटाला १०० ठोके), म्हणजे एक ठोका ६०० मिलिसेकंद, केरव्यात त्याचे दोन किंवा चार भाग केले की जमतं, पण दादऱ्यात ठोक्याचे तीन भाग लागतात, २०० मिलिसेकंदाचा एक, म्हणजे सेकंदाला पाच वेळा. ट्रिपलेटचं, म्हणजे तीन भागांचं, डिव्हिजन नसलेल्या पेडलवर हे पायाने होत नाही, ट्रेमोलो तबल्याशी भांडत राहतो. दुकानात हे मुद्दाम करून बघा, पायाने सहा मात्रा धरा आणि ऐका.

स्टिरिओच्या मागे फार लागू नका. घरी हेडफोनवर किंवा दोन अँपवर वाजवत असाल तर मजा आहे, रोलंडच्या जेसी-१२० अँपचा कोरस १९७५ पासून लोकांना वेड लावतोय तो याचसाठी, एका स्पीकरमधून कोरा आवाज, दुसऱ्यातून हललेला, आणि दोन्ही खोलीच्या हवेत मिसळतात. पण आपल्या बहुतेक कार्यक्रमांत पीए (कार्यक्रमातली स्पीकरची यंत्रणा) मोनोच, म्हणजे सगळीकडून एकच आवाज देणारा, असतो. काही पेडल्सचं एकच आउटपुट वापरलं की कोरस फिका पडतो, म्हणून एकाच केबलने तपासा.

पॉवरकडे लोक सगळ्यात शेवटी बघतात आणि पेडल जळतात ते तिथेच. साध्या पेडलला १०-२० मिलिअँपिअर पुरतात, मोबियससारख्याला ३०० लागतात, आणि एकाच अडॅप्टरवरून माळ लावून चार पेडल्स चालवलीत की डिजिटलवाल्याची बारीक शिट्टी अँपमध्ये येते. पॉवर सप्लायच्या वेगळ्या आयसोलेटेड (बाकीच्यांपासून तोडलेल्या) आउटपुटवर लावा. सेकंडहँड घेत असाल तर जास्तच जपा, बहुतेक पेडल्स ९ व्होल्ट डीसी आणि प्लगच्या आत निगेटिव्ह अशी असतात पण इव्हेंटाइडच्या जुन्या मॉडफॅक्टरला आत पॉझिटिव्ह लागतं, लाइन ६ च्या जुन्या एमएम४ ला तर डीसी नाहीच, ९ व्होल्ट एसी लागतं, तोही जाडजूड अडॅप्टर. मूळ अडॅप्टर सोबत नसेल तर किमतीतून त्याचे पैसे कमी करून मागा.

मॉडेल्सचं म्हणाल तर, खोलात जाऊन आवाज घडवायला आवडत असेल आणि एकावेळी दोन इफेक्ट हवे असतील तर बॉसचं एमडी-५००, पण मेनूत शिरायची तयारी ठेवा. तेच घराणं लहान आकारात हवं तर एमडी-२००. स्क्रीनच नको, नॉब फिरवला की झालं असं ज्यांना पाहिजे त्यांनी इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं मॉड ११ आधी बघावं. कॉलेजात असाल, बजेट कमी असेल, तर झूमचं एमएस-७०सीडीआर, एवढ्याशा डब्यात कोरसबरोबर डिले आणि रिव्हर्बही मिळतात आणि दोन डबल-ए सेलवर चालतं, फक्त चालू कार्यक्रमात त्याच्या छोट्या नॉबशी खेळायचं नाही, सगळं घरी सेट करून जायचं.

आणि विकत घेतल्यावर पहिले पंधरा दिवस फॅक्टरी प्रीसेट वापरू नका. ते दुकानात उठून दिसावेत म्हणून भडक केलेले असतात. प्रत्येक इफेक्ट रिकाम्या सेटिंगपासून सुरू करा, जेमतेम ऐकू येईल इतकाच लावा, बंद केल्यावर उणीव भासली तर तेवढाच सेव्ह करा.