कस्तुरी, अंबर, जवादी: वास घ्यायला कसं शिकावं

बाटलीचं बूच काढून थेट नाक लावू नका. प्राणिज द्रव्यांशी बऱ्याच जणांचा परिचय तिथेच संपतो. घट्ट जवादी (जवादी मांजराच्या ग्रंथीतला स्राव) हुंगली की मूत्र आणि विष्ठा एवढंच कळतं, मान मागे जाते आणि बाटली कायमची कपाटात. मी सुगंध बनवणाऱ्या कंपनीत वास तपासण्याचं काम करते, नवीन मुलामुलींना शिकवतेही. पहिल्या दिवशी त्यांच्या हातात मोगऱ्याचा गजरा देते.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. संध्याकाळी ताजा गजरा घ्या, हुंगा, वाटीत झाकून ठेवा आणि सकाळी पुन्हा हुंगा. वरचा हिरवा, गार वास गेलेला असतो. गोडव्याखाली जड, कोंदट, डांबरगोळीकडे झुकणारं काहीतरी उरतं. त्यात मोठा वाटा इंडोल या गंधद्रव्याचा. ते फुलातच असतं. त्याचाच जवळचा नातलग स्कॅटोल जवादीत आणि विष्ठेत असतो. हजारात एक भाग इतका पातळ केला की तोच स्कॅटोल फुलाच्या बाजूला सरकतो. हे नाकाला एकदा पटलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आता सामान. खरी कस्तुरी शोधत फिरू नका. नर कस्तुरीमृगाच्या बेंबीजवळच्या ग्रंथीत ती साधारण 25 ग्रॅम निघते, आणि तेवढ्यासाठी लावलेल्या फासात माद्या आणि पिल्लंही मरतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं कस्तुरीमृग आणि स्पर्म व्हेल दोघांनाही संरक्षण आहे. कोकणात ‘व्हेलची उलटी’ पकडल्याच्या बातम्या येतात ती म्हणजे अंबर. ते व्हेलच्या आतड्यात माकुळाच्या न पचलेल्या चोचींभोवती तयार होतं. किनाऱ्यावर तसा गोळा दिसला तर घरी आणू नका, वनखात्याला कळवा. बाजारात कुणी ‘असली नाफा’, म्हणजे कस्तुरीची वाळवलेली ग्रंथी, दाखवला तर तो एक तर नकली असतो, नाहीतर गुन्हा. अत्तराच्या दुकानात ‘कस्तुरी’ किंवा ‘अंबर’ लिहिलेली बाटली मिळते, तीही कृत्रिम कस्तुरीची आणि राळ-डिंकांची मिश्रणं असतात. ती चांगली असू शकतात, पण त्यांवरून मूळ वास शिकता येत नाही.

त्यापेक्षा एकेक रेणू शिका. मस्कोन हा कस्तुरीचा गाभा. 1906 मध्ये तो वेगळा काढला गेला आणि 1926 मध्ये रसायनशास्त्रज्ञ लिओपोल्ड रुझिका यांनी त्याची रचना उलगडली: पंधरा कार्बनचं मोठं वलय. जवादीतलं सिव्हेटोन सतरा कार्बनचं निघालं. एवढी मोठी वलयं टिकू शकतात यावर तेव्हाच्या रसायनशास्त्रज्ञांचा विश्वास नव्हता, आणि ती प्राण्यांच्या ग्रंथींत आयती बनत होती! मला हे आजही थक्क करतं. आज दोन्ही प्रयोगशाळेत बनतात. अंबरासाठी अँब्रॉक्सन घ्या. अंबरातल्या अँब्रेन नावाच्या जवळजवळ गंधहीन पदार्थावर समुद्र, हवा आणि ऊन काम करतात तेव्हा जे सुगंधी पदार्थ तयार होतात, त्यांतला हा मुख्य. सोबत स्कॅटोल, तेही पातळ केलेलंच मागवा.

यात दोन नैसर्गिक गोष्टी घाला. एक, अत्तरांसाठी प्रसिद्ध कनौजचा चोया नख. शंख-शिंपल्यांचे तुकडे मडक्यात कोरडेच भाजून त्याचा अर्क काढतात. धूर, औषध, चामडं आणि मागे समुद्र. हा खराखुरा प्राणिज वास आहे. दुसरी गोष्ट वनस्पतीची असली तरी आवश्यक आहे: काष्ठौषधींच्या दुकानातले लताकस्तुरीचे दाणे. कुटू नका, वास सालीत असतो. मूठभर दाणे हातात धरून ऊब द्या आणि मग हुंगा. परदेशात राहत असाल तर हायरॅसियमही मिळवा. दक्षिण आफ्रिकेतले हायरॅक्स नावाचे सशाएवढे प्राणी पिढ्यान् पिढ्या कड्यांवर एकाच जागी मलमूत्र टाकतात आणि ते दगडासारखं घट्ट होतं, तेच हायरॅसियम. प्राण्याला हात न लावता गोळा करता येणारं दुसरं इतकं गुंतागुंतीचं द्रव्य मला माहीत नाही.

पातळ करायला डीपीजी (डायप्रोपिलीन ग्लायकॉल हा जवळजवळ गंधहीन द्रव) वापरा, कारण सुगंधासाठीचं अल्कोहोल सहजी मिळत नाही. डीपीजीत वास जरा दबून येतो, हे लक्षात ठेवा. पातळ करताना मोजमाप थेंबांनी करू नका, छोटा वजनकाटा घ्या. 1 ग्रॅम द्रव्य आणि 9 ग्रॅम डीपीजी म्हणजे दहा टक्के. त्यातला 1 ग्रॅम पुन्हा 9 ग्रॅममध्ये, म्हणजे एक टक्का. मस्कोन आणि सिव्हेटोन एक टक्क्यावर हुंगा, अँब्रॉक्सनही. स्कॅटोल 0.1 टक्क्याच्या वर नको. त्याची बाटली बरणीत आणि बरणी डब्यात ठेवा, बाकी सामानापासून लांब.

कागदी पट्टीवर पेन्सिलीनं नाव आणि वेळ लिहा, टोक बुडवा. नाकाला टेकवू नका. दोन-तीन छोटे श्वास, मग थांबा. मधे नाक ताजं करायला कॉफीचे दाणे ठेवतात, मला त्याचा उपयोग दिसलेला नाही. स्वतःच्या कोपराच्या आतली स्वच्छ त्वचा हुंगलेली बरी. लगेच, अर्ध्या तासानं, रात्री आणि सकाळी नोंद करा. मोगरा, लिंबू ही मंडळी उडून जातात. ही द्रव्यं त्यानंतर बोलायला लागतात, म्हणून घाईच्या माणसाला ती कधी कळत नाहीत. मस्कोनचा वास आलाच नाही तर बाटलीला दोष देऊ नका. काही नाकांना विशिष्ट कस्तुऱ्या जाणवतच नाहीत. तेव्हा लताकस्तुरी किंवा दुसरी कृत्रिम कस्तुरी घेऊन बघा, बहुतेकांना एखादी तरी सापडते.

खरा धडा जोडीचा. नुसती जवादी ओळखता येणं हे अर्धंच काम. चंदन आणि मोगऱ्याचं साधं मिश्रण करा, दोन बाटल्यांत सारखं वाटा. एकीत 0.1 टक्का स्कॅटोलचा एक थेंब आणि एक टक्का सिव्हेटोनचे दोन थेंब टाका. दोन दिवस मुरू द्या. मग दुसऱ्या कुणाला तरी पट्ट्या बुडवायला सांगा, म्हणजे कुठली कुठली ते तुम्हाला कळणार नाही. घातलेला प्राणिज वास शोधू नका. फूल कुठल्या पट्टीवर जिवंत वाटतं ते बघा. एका पट्टीवर मोगरा चित्रातला राहतो, दुसरीवर तो कुणाच्या तरी अंगाच्या उबेत असतो. जवादीचा वास वेगळा कळला तर जास्त झालं. तो थेंब आणखी दहापट पातळ करून पुन्हा करा. माझ्या हाताखालची मुलं इथंच अडतात, कारण कमी घालायला हात धजत नाही.

हेच पुढे गुलाबावर अँब्रॉक्सन, खसावर चोया नख असं करून बघा. वहीत विशेषणं कमी लिहा. काय बदललं तेवढं लिहा: फूल पुढे आलं की मागे गेलं, किती वेळ टिकलं, कपड्यावर आणि कातडीवर काय फरक पडला.