ऐन थंडीत कळ्या फुटल्या तर

हिवाळा नेहमीपेक्षा उबदार असला की आधी झाडंच सांगतात. वसंतात फुटणाऱ्या कळ्या मध्येच फुगतात, जमिनीतले कंद कोंब बाहेर काढतात, गवत वाढतच राहतं. तापमान साधारण १० अंशांच्या वर गेलं की मधमाश्याही पोळ्याबाहेर पडतात. फुलं नसतील तर साठवलेला मध उगाच खर्ची पडतो, याचं मला फार वाईट वाटतं.

अशा वेळी छाटणी करू नका. छाटलं की नवी फूट येते आणि ती कोवळी फूट पुढच्या कडाक्यात पहिली जळते. नत्रयुक्त खतही थांबवा. कंदांचे हिरवे कोंब थंडी बऱ्यापैकी सोसतात, त्यांना उकरू नका; बुंध्याभोवती आणि वाफ्यावर वाळक्या पानांचा दोन-तीन इंचांचा थर द्या, फक्त खोडाला चिकटवू नका. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि सांजेपासूनच पारा उतरतोय, अशी रात्र दव गोठण्याची. त्या रात्री फुललेल्या झाडावर जुनी चादर जमिनीपर्यंत येईल अशी टाका, सकाळी ऊन आलं की काढा. माती कोरडी असेल तर दुपारीच पाणी द्या, कारण ओली माती दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते.

सफरचंद, पीच यांसारख्या झाडांना मोहरण्यासाठी ठरावीक तास थंडी लागतेच. ती कमी पडली तर मोहर उशिरा, विरळ आणि एकाच वेळी न येता तुटक-तुटक येतो. तेव्हा झाडाला रोग लागला असं समजून लगेच औषध फवारू नका.