कार्टूनपटांची मूळ चित्रं जमवताय? चित्रकार ओळखताना या चुका टाळा

हाताने काढलेल्या कार्टूनपटातलं मूळ चित्र विकत घेताना बहुतेक जण पात्र बघतात, किंमत बघतात आणि कोपऱ्यातली सही बघतात. चित्र नेमकं कोणाच्या हातचं, हे विचारायचं राहून जातं. बरीचशी फसगत तिथेच होते.

स्टुडिओच्या नावालाच चित्रकार समजणं

1928च्या ‘स्टीमबोट विली’मधला मिकी मुख्यतः अब आयवर्क्स यांच्या पेन्सिलीतून उतरला. तोवर वॉल्ट डिस्ने यांनी स्वतः ॲनिमेशन करणं जवळजवळ थांबवलं होतं. पुढे चाहत्यांना द्यायच्या कित्येक चित्रांवर ‘वॉल्ट डिस्ने’ ही सहीसुद्धा हँक पोर्टर यांच्यासारखे स्टुडिओतले कलाकार करत. म्हणून ‘खुद्द वॉल्टच्या हातचं’ असं कुणी सांगितलं, तर सही जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय पैसे मोजू नका.

सेल ॲनिमेटरने रंगवला, असं मानणं

ही चूक सर्रास होते. सेल म्हणजे पात्र ज्यावर रंगवतात तो पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पत्रा. पात्राच्या हालचाली काढणारा ॲनिमेटर आधी कागदावर कच्चं रेखाटन करतो, साहाय्यक ते स्वच्छ करतात, मग शाईकाम करणारी व्यक्ती पत्र्याच्या पुढच्या बाजूवर रेघ गिरवते आणि रंगकाम करणारी मागच्या बाजूने रंग भरते. डिस्नेच्या या शाई-रंग विभागात बहुतांश स्त्रिया होत्या. 1937च्या ‘स्नो व्हाइट’च्या श्रेयनामावलीत त्यांची नावं नाहीत. हातातला सेल उलटा करून पाहा: रंगाचे थर, कुंचला फिरल्याच्या खुणा, कडेला जरासा बाहेर आलेला रंग. हे सगळं त्यांचं काम आहे आणि संग्राहकाने त्याचा मान ठेवायलाच हवा.

ॲनिमेटरचा स्वतःचा हात हवा असेल तर कच्चं रेखाटन शोधा. त्यात एकावर एक ओढलेल्या शोधक रेघा दिसतात. बऱ्याचदा कडेला एक उभी रेघ आणि तिच्यावर बारीक आडव्या खुणा असतात. दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं कुठे, किती अंतराने काढायची, हे ॲनिमेटरने साहाय्यकाला त्या खुणांमधून सांगितलेलं असतं. मला स्वतःला चकचकीत सेलपेक्षा असा कागद जास्त मोलाचा वाटतो.

1961च्या ‘वन हंड्रेड अँड वन डॅल्मेशन्स’पासून डिस्नेच्या चित्रपटांत पेन्सिलची रेघ झेरॉक्स तंत्राने थेट पत्र्यावर उतरू लागली. ‘यंत्राची रेघ’ म्हणून काही जण हे सेल कमी लेखतात. मला ते पटत नाही. त्या खरबरीत रेघेत पेन्सिलचा दाब जसाच्या तसा टिकलेला असतो.

सहीवरून श्रेय ठरवणं

फ्रँक थॉमस, ऑली जॉन्स्टन यांसारख्या डिस्नेच्या नामवंत ॲनिमेटरांनी जुन्या सेलवर पुढे अनेक वर्षांनी सह्या केल्या आहेत. सही खरी असली तरी तो प्रसंग त्यांनीच काढला होता, हे तिने सिद्ध होत नाही. कोणता प्रसंग कोणाकडे होता याची नोंद स्टुडिओ ठेवत. सेलच्या किंवा रेखाटनाच्या कडेचा प्रसंग-क्रमांक त्या नोंदीशी जुळतो का, ते विक्रेत्याला विचारा.

चक जोन्स यांच्या बाबतीत आणखी एक गफलत होते. ते बग्ज बनीच्या अनेक कार्टूनपटांचे दिग्दर्शक, पात्रांच्या मुख्य मुद्रा ते स्वतः काढत, पण त्या हलवण्याचं काम केन हॅरिस, एब लेव्हिटो यांच्यासारखे ॲनिमेटर करत. त्यांच्या 1957च्या ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’चं भव्य दृश्यरूप मॉरिस नोबल यांनी रचलं आणि फिलिप डीगार्ड यांनी त्याच्या पार्श्वभूमी रंगवल्या.

मर्यादित आवृत्तीला चित्रीकरणाचा सेल समजणं

विक्रीसाठीच छापलेल्या सेलवर रंग सपाट, एकसारखा दिसतो आणि बहुधा आवृत्तीचा क्रमांक असतो. चित्रीकरणात वापरलेल्या सेलवर सहसा चित्राचा अनुक्रमांक आणि कॅमेऱ्याखाली पत्रा अडकवायची भोकं असतात. मात्र कडा कापलेल्या असतील तर ती गेलेली असू शकतात. 1989चा ‘द लिटिल मर्मेड’ हा डिस्नेचा हाताने रंगवलेल्या सेलवरचा शेवटचा मोठा चित्रपट. त्यानंतरचं रंगकाम संगणकावर झालं. त्यामुळे ‘द लायन किंग’चा चित्रीकरणात वापरलेला सेल म्हणून कुणी काही दाखवलं, तर तिथेच थांबा.

पार्श्वभूमीही वेगळी तपासा. 1938पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या कुर्व्हाझिए गॅलरीने विकलेल्या डिस्ने सेलमागे अनेकदा विक्रीसाठी खास बनवलेली पार्श्वभूमी असे. तिला स्वतःचं मोल आहे, पण चित्रपटात दिसलेली पार्श्वभूमी ती नव्हे.

बिघाड दिसला की हात घालणं

रंग काचेला किंवा मागच्या कागदाला चिकटला असेल तर ओढू नका. रंगकाम करणारीच्या हातचा थर तिथेच सुटतो. पोपडे आले तर गोंद किंवा चिकटपट्टी लावू नका. फ्रेम करताना सेल आणि काच यांच्यात अंतर राहील असा जाड पुठ्ठा घाला, थेट ऊन टाळा. व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला तर सेलचा ॲसिटेट प्लास्टिकचा पत्रा विघटित होतोय. तो सेल लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा, हवाबंद पाकिटातून बाहेर काढा आणि दुरुस्ती सेल हाताळणाऱ्या संवर्धकाकडेच सोपवा.