एडिनबराची पहिली सहल आखताय? या चुका टाळा

एडिनबराच्या पहिल्या भेटीचा बेत बहुतेकांचा एकाच कारणाने कोलमडतो. मोबाइलवरच्या नकाशात अंतर दिसतं, उंची दिसत नाही. किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, होलीरूडचा राजवाडा, कॅल्टन हिल, सगळं पायी जाण्याजोगं वाटतं, म्हणून एका दिवसात आठ ठिकाणं कोंबली जातात. दुपारी तीनपर्यंत पाय बोलायला लागतात आणि निम्मी यादी तशीच राहते.

हे शहर समजून घ्यायला आधी त्याचा खडक समजून घ्यावा. किल्ला ज्यावर उभा आहे तो सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हा. हिमयुगात पश्चिमेकडून सरकत आलेल्या बर्फाला तो पुरून उरला आणि त्याच्या आडोशाला, पूर्वेकडे, एक उतरती सोंड शिल्लक राहिली. गड चढणाऱ्या मराठी माणसाला सोंड म्हणजे काय ते सांगायला नको. तिच्या माथ्यावरून जाणारा रस्ता म्हणजे रॉयल माइल. तिच्या दोन्ही अंगांना खोलगट भाग आहेत, त्यांवर पूल बांधलेत, आणि पुलांना खेटून इतक्या उंच इमारती आहेत की आपण पुलावरून चालतोय हे ध्यानातही येत नाही. साउथ ब्रिजला १९ कमानी आहेत, त्यांतली एकच उघडी दिसते. जॉर्ज द फोर्थ ब्रिजवरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात रस्त्यावरून सरळ आत शिरता येतं, पण त्या दाराखाली कित्येक मजले काउगेट रस्त्यापर्यंत उतरत गेलेले आहेत.

त्यामुळे नवख्याला हमखास येणारी अडचण अशी: मोबाइल म्हणतो पोहोचलात, आणि समोर ते हॉटेल नसतंच. ते तुमच्या पायाखाली, काउगेटमध्ये असतं. नकाशावर दोन रस्ते एकमेकांना छेदताना दिसले म्हणजे ते एकमेकांना मिळतात असं इथे धरून चालू नका. साउथ ब्रिजपाशी असाल तर जवळच्या ब्लेअर स्ट्रीट किंवा निड्री स्ट्रीटच्या उताराने काउगेटला उतरा. जॉर्ज द फोर्थ ब्रिजवरून ग्रासमार्केटला जायचं असेल तर व्हिक्टोरिया स्ट्रीट. रॉयल माइलला दोन्ही बाजूंनी फुटणाऱ्या अरुंद बोळांना 'क्लोज' म्हणतात. ते झटपट खाली नेतात, पण बऱ्याच क्लोजमध्ये उभ्या दगडी पायऱ्या आहेत, पावसात त्या निसरड्या होतात. चाकांची बॅग घेऊन तिथे शिरू नये.

दिवस वरून खाली आखा

सकाळी बस किंवा टॅक्सीने शक्य तितकं वर जा, किल्ला उघडताच आत शिरा, मग रॉयल माइलने उतरत होलीरूडला या. याच्या उलट, दुपारी थकल्यावर होलीरूडहून किल्ल्याकडे चढणं ही अगदी सर्रास होणारी चूक आहे. किल्ल्याची तिकिटं ठरावीक वेळेची असतात, उन्हाळ्यात ती आधीच संपतात, तेव्हा ऑनलाइन आरक्षण करूनच जा. नाही मिळालं तर दिवस वाया गेला असं समजू नका. शहराच्या आग्नेयेला क्रेगमिलर किल्ला आहे. १५६६ मध्ये स्कॉटलंडची राणी मेरी तिथे राहिली होती. तिथे गर्दी बेताची असते आणि मला तो मुख्य किल्ल्यापेक्षा अधिक निवांत पाहता येणारा वाटतो. एक खुलासा: स्कॉटलंडच्या राजांच्या राज्याभिषेकाची शिळा, 'स्टोन ऑफ डेस्टिनी', आता एडिनबराच्या किल्ल्यात नाही. २०२४ पासून ती पर्थच्या संग्रहालयात आहे. जुन्या माहितीवर विसंबून तेवढ्यासाठी तिकीट काढू नका.

किल्ल्याच्या पायथ्याशी कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे आरसा आणि भिंगातून बाहेरच्या शहराचं हलतं चित्र अंधाऱ्या खोलीत उमटवणारी सोय, असलेला मनोरा आहे. पर्यटक तो मुलांच्या करमणुकीची जागा म्हणून ओलांडून जातात, पण पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराने १८९२ मध्ये तो घेतला होता. पाहुण्यांना तो आधी गच्चीवर नेई, अख्खं शहर डोळ्यांखाली घालू देई, आणि मग एकेक मजला उतरत एडिनबरा, स्कॉटलंड करत जगापर्यंत आणी. हेच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक झाले. शहर कसं पाहावं याची त्यांची रीत आजही पहिल्या दिवसाला तंतोतंत लागू पडते. मनोऱ्याचं तिकीट महाग वाटलं तर कॅल्टन हिलवर जा. चढ थोडा, पैसे शून्य, आणि जुनं शहर, नवं शहर, समुद्र तिन्ही एकदम दिसतात.

आर्थर्स सीट ही टेकडी २५१ मीटर उंच आहे. आकडा लहान दिसतो म्हणून ती किरकोळीत काढू नका. वारा माणसाला हलवतो आणि गवत ओलं असतं. डनसापी तळ्याच्या बाजूने वाट सौम्य आहे. डिसेंबरात सूर्य पावणेचारच्या सुमारास मावळतो, तेव्हा ही चढाई दुपारच्या जेवणाआधी उरका. जूनमध्ये मात्र रात्री दहापर्यंत उजेड असतो.

राहायची जागा

जुन्या शहरातली घरं सुंदर असतात आणि त्यांना बहुधा लिफ्ट नसते. पत्त्यात '३एफ१' असं दिसलं तर त्याचा अर्थ तिसऱ्या मजल्यावरचं पहिलं घर. तिथवर गोल दगडी जिना, हातात तीस किलोची बॅग. मुलीच्या पदवीदान समारंभासाठी येणाऱ्या आईबाबांची इथे फार दमछाक होते. लिफ्ट आहे का हे घरमालकाला लेखी विचारा. घर भाड्याने घेत असाल तर जाहिरातीत परवाना क्रमांक आहे ना, हेही बघा. पर्यटकांना अल्पकाळ घर द्यायला इथे परवाना सक्तीचा आहे. शिवाय २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामांवर ५ टक्के पर्यटक कर लागतो, जास्तीत जास्त सलग ५ रात्रींसाठी. खर्चाच्या अंदाजात तो धरा.

गाडीने वेव्हर्ली स्टेशनला उतरणार असाल तर बाहेर कुठल्या बाजूने पडायचं ते आधी ठरवा. स्टेशन दोन शहरांमधल्या खोलगटात आहे, जिथे पूर्वी नॉर लॉक नावाचं तळं होतं. जुन्या शहरासाठी मार्केट स्ट्रीटची बाजू, नव्या शहरासाठी प्रिन्सेस स्ट्रीटची. चुकीच्या बाजूने निघालात तर सामानासकट एक दरी उतरून पुन्हा चढावी लागते. विमानतळावरून ट्राम थेट शहरात येते.

कधी जावं

ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय कलामहोत्सव आणि फ्रिंज हा कुणालाही प्रयोग करता येणारा खुला नाट्यमहोत्सव असतात. दोन्ही १९४७ मध्ये सुरू झाले. नाटकाचं वेड असेल तर तो महिना आयुष्यात एकदा तरी अनुभवाच, पण खोली सहा महिने आधी पक्की करा. फक्त शहर पाहायचं असेल तर ऑगस्ट टाळा. खोल्यांचे भाव गगनाला भिडतात आणि रॉयल माइलवर पाऊल टाकायला जागा नसते. मे आणि सप्टेंबर माझ्या मते सर्वांत चांगले.

हवामानाबद्दल सगळे पावसाची भीती घालतात. प्रत्यक्षात वर्षाला साधारण ७०० मिमी पडतो, मुंबईच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही नाही. खरा त्रास वाऱ्याचा. छत्री उलटते, म्हणून टोपीचं रेनजॅकेट घ्या आणि तळ न घसरणारे बूट. जुलैतही कमाल तापमान १९ अंशांच्या आसपास असतं. उत्तर समुद्रावरून येणारं 'हार' नावाचं धुकं अचानक सगळं झाकून टाकतं. त्या वेळी टेकडीचा बेत बदलून चेंबर्स स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात जा. प्रवेश मोफत आहे, आणि क्लोन केलेली डॉली मेंढी तिथेच आहे.

व्हिसा, जेवण, पैसे

भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा लागतो. शेंगेन व्हिसा चालत नाही, आणि युरोपच्या सहलीला दोन दिवस एडिनबरा जोडू म्हणणारे इथेच अडकतात. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण तीन आठवडे धरा, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

शाकाहारी मंडळींनी लेंटिल सूपपाशी थांबून विचारावं. दिसायला मसुराच्या आमटीसारखं, पण पारंपरिक रीतीने ते डुकराच्या मांसाच्या रश्शात शिजवतात. हॅगिस हा मुळात मेंढीच्या काळीज-यकृताचा स्कॉटिश पदार्थ, पण शाकाहारी हॅगिस सहज मिळतं आणि ते खरोखर चविष्ट असतं. पबची स्वयंपाकघरं बरीच लवकर, बहुधा नऊच्या सुमारास बंद होतात. नाटक संपल्यावर जेवू म्हणाल तर उपाशी झोपाल.

बसमध्ये कार्ड टेकवून पैसे देता येतात. रोख दिलीत तर उरलेले पैसे परत मिळत नाहीत.

एका दिवसात लॉक नेस हे तळं पाहून येणाऱ्या बसगाड्या आहेत, पण त्यात बारा तास जातात आणि त्यातले बहुतेक खिडकीत. पहिल्या भेटीत तो दिवस स्टर्लिंगला द्या. रेल्वेने पाऊण-एक तास, किल्ला तितकाच ऐतिहासिक. किंवा अर्धाच दिवस असेल तर डालमेनी स्टेशनला उतरून १८९० चा फोर्थ रेल्वेपूल पाण्याच्या काठावरून पाहा.

परतीच्या आदल्या दिवशी पाकीट तपासा. स्कॉटिश बँकांच्या नोटा पौंडाच्याच असल्या तरी भारतात त्या बदलून मिळताना अडचण येते. त्या तिथेच खर्चा, किंवा त्या देऊन बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा घ्या.