सोलापुरात घर घ्यायचंय? मोबाईल कुठे कामाला येतो आणि कुठे नाही

घर घ्यायचं ठरलं की आता सगळ्यात आधी मोबाईल निघतो. मॅजिकब्रिक्स, नाइन्टी नाइन एकर्स, हाउसिंग, जे सापडेल ते डाउनलोड करायचं, "टू बीएचके सोलापूर" टाकायचं आणि रात्री झोपेपर्यंत फोटो बघत बसायचं. बघा की, त्यात काही वाईट नाही. पण पुण्या-मुंबईत ही अ‍ॅप जेवढी कामाला येतात तेवढी आपल्याकडे येत नाहीत. इथे अजूनही कितीतरी घरं ओळखीतून, एजंटकडून आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून विकली जातात. जुळे सोलापुरात कुठल्याही कॉलनीत एक चक्कर मारा, गेटला "घर विकणे आहे" अशी पाटी आणि खाली नंबर दिसेल, आणि ते घर अ‍ॅपवर शोधलं तर सापडत नाही.

माझं मत सरळ आहे. घर शोधायला मोबाईल थोडा उपयोगाचा, पण सापडलेलं घर तपासायला लई उपयोगाचा. आणि लोक नेमकं उलटं करायलेत, शोधण्यात महिने घालवतात आणि तपासायची वेळ आली की "बिल्डर ओळखीचाच आहे ओ" म्हणून मोकळे होतात. म्हणून खाली जो क्रम दिलाय त्याच क्रमाने जा.

आधी पैशाचं गणित, फोटो नंतर

बँकेच्या अ‍ॅपवर किंवा साध्या वेबसाइटवर ईएमआय कॅल्क्युलेटर असतो, तो उघडा. २५ लाखांचं कर्ज, ८.५ टक्के व्याज, २० वर्षं असं टाकलं तर हप्ता येतो साधारण २१,७०० रुपये, आणि शेवटपर्यंत भरलं तर व्याजच २७ लाखांच्या वर जातं. आता तिथेच २० च्या जागी १५ वर्षं करा. हप्ता होतो २४,६०० च्या आसपास, म्हणजे महिन्याला तीन हजार जास्त, पण व्याज येतं १९ लाखांवर. हे नवरा-बायकोनी शेजारी बसून आकडे बदलून बदलून बघा, अर्धा तास लागेल, पण बजेट इथेच ठरतं.

कॅल्क्युलेटर एक गोष्ट सांगत नाही, ती म्हणजे हातात रोख किती पाहिजे. समजा फ्लॅट ३० लाखांचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, म्हणजे २७ लाख, तेसुद्धा तुमचा पगार आणि सिबिल (आधीची कर्जं कशी फेडली त्याचा स्कोअर) बघून. वरचे ३ लाख तुमचे. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के धरा, ते झाले १ लाख ८० हजार, आणि नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार. हे दोन खर्च बँक सहसा घराच्या किमतीत धरत नाही, ते खिशातूनच जातात. बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर जीएसटी वेगळा: किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट (भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा) ९० चौरस मीटरच्या आत, म्हणजे साधारण ९६८ चौरस फूट, असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाही. म्हणजे ३० लाखांच्या घराला वकील, फर्निचर, शिफ्टिंग सोडूनसुद्धा पाच-साडेपाच लाख रोख लागतात.

घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ३० लाखांवर ३० हजार वाचतात, आणि घरातल्या बाईच्या नावावर घर होतं ते वेगळंच, त्यामुळे हा विचार घरात जरूर करा.

शुल्क हे करारातली किंमत आणि सरकारी रेडी रेकनरचा दर (सरकारने त्या भागासाठी ठरवलेला भाव) यात जे जास्त असेल त्यावर लागतं. १ एप्रिल २०२५ पासून नवे दर आले तेव्हा सोलापूर महापालिका हद्दीतली वाढ १०.१७ टक्के होती, राज्यात सगळ्यात जास्त. त्यामुळे जुन्या दराने कुणी हिशोब सांगत असेल तर ऐकू नका, नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-एएसआर म्हणून पान आहे तिथे जिल्हा, तालुका, गाव निवडून स्वतः बघा.

आता अ‍ॅप उघडा, पण दराची कल्पना यायला

अ‍ॅपवर दिसतो तो मागितलेला भाव, झालेला भाव नाही. हे डोक्यात ठेवून वापरलं तर अ‍ॅप चांगलंय, कारण होटगी रोडला काय मागायलेत, विजापूर रोडला काय, बाळ्यात काय आणि शेळगीत काय याचा अंदाज घरबसल्या येतो. फिल्टरमध्ये मालकाने टाकलेली जाहिरात आणि एजंटची जाहिरात वेगळी करता येते, तेवढं पहिल्यांदा करा. एकच फ्लॅट तीन एजंटांनी तीन भावात टाकलेला असतो, फोटो नीट बघितले की कळतं, तीच फरशी, तीच खिडकी, तोच पडदा.

चौरस फुटाचा आकडा बघताना कार्पेट आहे की सुपर बिल्टअप (भिंती, जिना, लिफ्टचा वाटा धरून) ते बघा, लिहिलं नसेल तर फोनवर पहिला प्रश्न तोच विचारा. "११०० स्क्वेअर फूट" म्हणून टाकलेल्या घरात प्रत्यक्ष पाय ठेवायला जागा त्याहून बरीच कमी असू शकते, आणि दोन घरांची तुलना करायची तर ती कार्पेटवरच होते.

अजून एक, या अ‍ॅपवर नंबर टाकला की दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात. जमलं तर दुसरं सिम द्या.

मॅपवर जागा बघा आणि मग गाडी काढून जा

"विजापूर रोड टच" असं लिहिलेलं असतं आणि पिन सैफुलला मारलेली असते, पण प्लॉट निघतो दोन-तीन किलोमीटर आत, मध्ये कच्चा रस्ता. म्हणून जाहिरातीतल्या पिनवर विश्वास ठेवायचा नाही, विकणाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन मागायचं, तेही जागेवर उभं राहून पाठवलेलं. ते गुगल मॅपवर उघडून सॅटेलाइट व्ह्यू करा. आजूबाजूला नाला आहे का, रस्ता खरंच पोचतो का की शेताच्या बांधावरून पायवाट आहे, शेजारी गोडाऊन किंवा कारखाना आहे का, सगळं वरून दिसतं. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला ते आपण सगळ्यांनी बघितलंय, तेव्हा ओढ्या-नाल्याच्या कडेची स्वस्त जागा दिसली की दोनदा बघा. सकाळी ऑफिसच्या वेळेला सात रस्ता किंवा आसरा चौकापर्यंत किती वेळ लागतो तेही मॅपवर त्या वेळेला टाकून बघा, दुपारी बघून उपयोग नाही.

पण सोलापुरात घराची खरी गोष्ट कुठल्याच अ‍ॅपवर नाही, आणि ती म्हणजे पाणी. शंभरावर किलोमीटर लांब उजनीतून पाणी येतं आणि ते कुठल्या भागात किती दिवसाआड येतं, किती वाजता येतं, किती वेळ टिकतं हे गल्लीगल्लीत बदलतं. अ‍ॅपमध्ये "२४ तास पाणी" असा टिकमार्क असेल तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की गच्चीवर टाकी आहे. म्हणून घर बघायला गेलात की घर बघून झाल्यावर शेजारच्या बायकांशी बोला. पाणी किती दिवसाआड येतं, मे महिन्यात टँकर मागवावा लागतो का, महिन्याचा टँकरचा खर्च किती, बोअरला पाणी आहे का आणि ते प्यायला चालतं का. काकू, मावशी म्हणून विचारलं की त्या सगळं सांगतात, एजंट जे सांगत नाही तेसुद्धा. मी तर म्हणते पाणी येणाऱ्या दिवशीच जा आणि जमिनीखालचा हौद किती लिटरचा आहे ते झाकण उघडून बघा.

महारेरा: मोबाईलवरचं सगळ्यात कामाचं पान

नवीन स्कीममध्ये फ्लॅट किंवा रो हाउस घेत असाल तर इथे घाई करू नका. बिल्डरांवर नजर ठेवणारा रेरा कायदा २०१६ चा, महाराष्ट्रात ते काम महारेरा हे सरकारी प्राधिकरण २०१७ पासून करतंय. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि घरंही ८ पेक्षा जास्त असतील तर नोंदणी केल्याशिवाय बिल्डरला जाहिरात करता येत नाही, बुकिंग घेता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडसुद्धा द्यावा लागतो, तो मोबाईलने स्कॅन केला की थेट प्रोजेक्टचं पान उघडतं. क्यूआर नसेल तर नोंदणी नंबर मागा आणि महारेराच्या वेबसाइटवर टाका. "रेरा प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर आलं तर चहा पिऊन या, पैसे देऊ नका.

पान उघडल्यावर काय बघायचं? पहिल्यांदा पूर्णत्वाची तारीख. सुरुवातीची तारीख आणि नंतर वाढवून घेतलेली तारीख यांत किती फरक आहे त्यावरून बिल्डरचा वेग कळतो. मग एकूण घरं किती आणि बुक किती. मग जमिनीवर कर्जाचा बोजा आहे का आणि कोर्टात केस चालू आहे का. मग अपलोड केलेला मंजूर नकाशा डाउनलोड करा, तुमच्या फ्लॅटचं कार्पेट त्यात बघा आणि ब्रोशरमधल्या आकड्याशी ताडून बघा. शेवटी त्याच बिल्डरचे आधीचे प्रोजेक्ट आणि त्याच्यावरच्या तक्रारी. एवढं बघायला एक संध्याकाळ पुरते. आमच्या नात्यातल्या एका मुलाने हेच केलं आणि सँपल फ्लॅटमध्ये जी बाल्कनी दाखवली ती मंजूर नकाशात नव्हतीच हे बुकिंगच्या आधी कळलं, पैसे अडकले नाहीत.

एजंटलासुद्धा महारेराची नोंदणी लागते, त्याचाही नंबर विचारा.

रिसेल घर किंवा प्लॉट असेल तर कागद

महाभूमीच्या वेबसाइटवरून सातबारा मोबाईलवर बघता येतो, आणि १५ रुपये भरले की डिजिटल सहीचा मिळतो. सिटी सर्व्हे झालेल्या भागात सातबाराच्या जागी मिळकत पत्रिका बघायची. विकणाऱ्याचं नाव त्यात आहे का, "इतर हक्क" मध्ये बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कूळ, वारस असं काही आहे का, आणि भोगवटादार वर्ग १ आहे की २. वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. "आपली चावडी" वर त्या गटाचा फेरफार (मालकी बदलाची नोंद) चालू आहे का तेही दिसतं, म्हणजे कुणी आत्ताच दुसऱ्याला विकून बसलाय का ते कळतं.

शहराच्या कडेला एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट लई स्वस्तात दाखवतात. तिथे एनए (बिगरशेती) आदेश आणि मंजूर ले-आउट मागायचाच, "गुंठेवारीत होऊन जाईल" हे तोंडी आश्वासन बँक मान्य करत नाही आणि कर्ज तिथेच अडतं.

नोंदणी विभागाच्या ई-सर्च मध्ये आधी झालेल्या व्यवहारांची सूची दोन (नोंदवलेल्या व्यवहाराचा सारांश) बघता येते. शेजारचा फ्लॅट खरंच कितीला गेला हे तिथे कळतं, आणि भाव करायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तरी ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोज्याचा तपास) वकिलाकडूनच घ्या. मोबाईलवर जे दिसतं त्यावरून वकिलाला काय विचारायचं ते कळतं, वकिलाची जागा मोबाईल घेत नाही.

टोकन देताना

ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर भाव अगदीच कमी दिसला, समोरचा म्हणाला मी फौजेत आहे, बदली झालीय, आधी टोकन पाठवा मग चावी देतो, तर तिथेच थांबा. पैसे मिळवायला क्यूआर स्कॅन करायचा किंवा यूपीआय पिन टाकायचा नसतो, पिन टाकला की पैसे जातातच. गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा, जितक्या लवकर तितकं पैसे अडवायला बरं.

रेराच्या प्रोजेक्टमध्ये करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. ३० लाखांच्या फ्लॅटला ही हद्द ३ लाख. त्याच्या वर मागितले तर आधी करार नोंदवू म्हणा. आणि जे द्याल ते चेकने किंवा बँक ट्रान्सफरने, पावतीवर फ्लॅट नंबर आणि रेरा नंबर लिहून घ्या.

नोंदणी झाल्यावर सूची दोनची प्रत काढून ठेवा, मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर नाव लागलं का ते पुढचे काही आठवडे अधूनमधून मोबाईलवर बघत राहा, आणि महापालिकेची घरपट्टी, पाणीपट्टी, महावितरणचं बिल ही तिन्ही नावं बदलून घ्या. चावी घ्यायच्या आधी जुन्या मालकाची थकबाकी शून्य झाल्याच्या पावत्या हातात पाहिजेत, विशेषतः पाणीपट्टीची, कारण जुनी थकबाकी निघाली तर ती मागायला नवीन मालकाच्याच दारात येतात.