घरी शिकवणी घेताय? मग या चुका टाळा

बिल्डिंगमधली चार पोरं जमवून पहिली ते चौथीची शिकवणी सुरू करणाऱ्यांनो आणि स्वतःच्या पोराला रोज घेऊन बसणाऱ्या आईबाबांनो, तुम्हा दोघांच्या चुका अगदी सेम असतात.

सगळ्यात डोक्यात जाते ती खोडरबरवाली. उत्तर चुकलं, पुसलं, बरोबर सांगितलं, चला पुढचं गणित. अरे पण चुकलं कुठे ते तरी बघा! परळच्या एका चाळीतला तिसरीतला मुलगा माझ्याकडे आला तेव्हा घरचे म्हणाले याचं लक्षच नसतं, वजाबाक्या सगळ्या चुकतात. मी ५०३ वजा २७८ दिलं, त्याने लिहिलं ३७५. आता बघा हं, आठातून तीन गेले पाच, सातातून शून्य सात, पाचातून दोन तीन, म्हणजे पोरगा बेफिकीर वगैरे काही नव्हता, प्रत्येक घरात मोठ्यातून छोटा काढत होता, वर कोण आणि खाली कोण हे बघतच नव्हता. आधीच्या टीचर रोज फुली मारून बरोबर उत्तर लिहून द्यायच्या, वही एकदम चकाचक. मी वही बंद केली आणि खेळातले पैसे काढले, शंभराच्या पाच नोटा आणि एकेकची तीन नाणी, म्हटलं आता दुकानदाराला २७८ दे. आठ सुटे द्यायला गेला आणि अडकला, मोडायला दहाची नोटच नाही! मग शंभराची एक मोडून दहाच्या दहा केल्या, त्यातली एक मोडून सुटे केले, हातात राहिले चार शंभर, नऊ दहा आणि तेरा सुटे. हातचा म्हणजे काय ते तेव्हा त्याच्या डोक्यात शिरलं. तेवढ्यात आईचा फोन, टीचर वहीत आज काहीच नाही? असो.

दुसरं म्हणजे आकडे. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो म्हणून पोरं ५२ लिहितात, एकोणसाठमध्ये साठ ऐकू येतं म्हणून ६९. सेमी इंग्लिशवाल्यांची तर शाळेत ट्वेंटी फाइव्ह आणि घरी पंचवीस अशी डबल गोची. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असं वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण मी अडलेल्या पोराला बिनधास्त तसं वाचू देते, शेजारी पंचवीसही म्हणून घेते. एकोणसाठला एकच प्रश्न, साठाच्या आधी कोण?

पाढे मधूनच विचारा. सात एके सातपासून गाडी काढल्याशिवाय सात आठे छप्पन्न येत नसेल तर तो पाढा नाही, गाणं आहे.

गाइडमधून उत्तरं उतरवून घेणं बंद करा, प्लीज.

ऑफिसमधून रात्री लोकलने पिचून आल्यावर अभ्यास घेऊ नका, दोघंही रडता.

आणि धडा खडाखडा वाचला म्हणून लगेच खूश होऊ नका, बऱ्याचदा तो पाठ असतो. मी ओळीतल्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवते, चित्रावर हात, आणि विचारते हे काय लिहिलंय.