लिनक्सवर नवी फाइल सिस्टीम तयार करून ती कायमची माउंट कशी करावी

नवी डिस्क जोडली म्हणजे लगेच तिच्यात फाइली ठेवता येतात, असे लिनक्समध्ये सहसा होत नाही. आधी विभाजन (डिस्कचे भाग पाडणे), मग फाइल सिस्टीम (फाइली ठेवण्याची रचना) आणि शेवटी माउंट (ती रचना एखाद्या डिरेक्टरीला जोडणे), हा क्रम पाळावा लागतो. पुढील आज्ञा उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या लहान रोमन अक्षरांत, आधी 'सुडो' (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लावून टाइप कराव्यात.

प्रथम 'एलएसबीएलके' चालवून नवी डिस्क ओळखावी. तिचा आकार ओळखीचा असतो आणि माउंटपॉइंटचा (डिस्क जिथे जोडली आहे त्या डिरेक्टरीचा) रकाना रिकामा असतो. आपण ती 'एसडीबी' आहे असे धरू. चुकीच्या डिस्कवर पुढचे काम केल्यास तिच्यावरचा मजकूर गेलाच म्हणून समजावे. त्यामुळे आकार दोनदा वाचल्याशिवाय मी एंटर दाबत नाही.

'एफडिस्क'मध्ये ती डिस्क उघडून 'जी' दाबल्यास जीपीटी कोष्टक (विभाजनांची नोंद) तयार होते, 'एन' दाबून पुढील प्रश्नांना नुसते एंटर दिल्यास संपूर्ण डिस्कचे एकच विभाजन होते आणि 'डब्ल्यू' दाबल्यावर हे सारे डिस्कवर लिहिले जाते. तोवर शंका आल्यास 'क्यू' दाबून निर्धास्त बाहेर पडावे.

आता 'एसडीबी१' या विभाजनावर 'एमकेएफएस डॉट ईएक्सटी४' चालवावे. ईएक्सटी४ आपली ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे प्रशासक खात्यासाठी, राखून ठेवते, म्हणजे १ टेराबाइटमागे सुमारे ५० गिगाबाइट. केवळ फोटो व कागदपत्रे ठेवायची असल्यास 'डॅश एम १' हा पर्याय जोडून ती १ टक्क्यावर आणावी. त्यानंतर 'एमकेडीआयआर'ने '/एमएनटी/डेटा' ही डिरेक्टरी करावी.

खरी काळजी घ्यायची ती '/ईटीसी/एफएसटॅब' या फाइलमध्ये; बूटच्या वेळी काय कुठे माउंट करायचे ते तिच्यात लिहिलेले असते. तिची प्रत आधी काढून ठेवावी. 'एसडीबी' हे नाव कायमचे नसते. आणखी एक डिस्क लावली की पुढच्या बूटला ते बदलू शकते. म्हणून 'बीएलकेआयडी' चालवून विभाजनाचा यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) घ्यावा आणि फाइलच्या शेवटी सहा रकान्यांची एक ओळ लिहावी: 'यूयूआयडी=' (हे मात्र मोठ्या रोमन अक्षरांत) व त्याला जोडून तो क्रमांक, माउंटपॉइंट, 'ईएक्सटी४', 'डिफॉल्ट्स,नोफेल', ० आणि २. स्वल्पविरामानंतर मोकळी जागा सोडू नये, कारण मोकळ्या जागेनेच रकाने वेगळे होतात. शेवटचा २ म्हणजे बूटच्या वेळी रूट विभाजनानंतर (ज्यावर मुख्य प्रणाली असते त्यानंतर) तपासणी. 'नोफेल' नसेल आणि डिस्क सापडली नाही, तर सिस्टीमडी (बूटची कामे पाहणारा प्रोग्राम) सहसा ९० सेकंद वाट पाहून यंत्र इमर्जन्सी मोडमध्ये (फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत) नेते. दूरच्या सर्व्हरच्या बाबतीत मग कोणाला तरी प्रत्यक्ष धाडावे लागते.

रीबूट करण्यापूर्वी 'सिस्टीमसीटीएल डीमन-रीलोड', मग 'फाइंडएमएनटी डॅश डॅश व्हेरिफाय' आणि त्यानंतर 'माउंट डॅश ए' चालवावे. ही शेवटची आज्ञा काहीच न बोलता परतली, तरी 'नोफेल'मुळे डिस्क न सापडल्याची चूकही गप्प राहू शकते, म्हणून खात्री करून घ्यावी. ओळ बरोबर असल्यास 'डीएफ डॅश एच'मध्ये नवा माउंटपॉइंट दिसेल.

तरीही फाइल ठेवताना परवानगी नाकारली जाईल, कारण नव्या फाइल सिस्टीमची मालकी रूटकडे असते. 'सीएचओडब्ल्यूएन'ने ती आपल्या नावावर करावी. मात्र हे माउंट केल्यानंतरच करावे, कारण आधी केल्यास खालच्या रिकाम्या डिरेक्टरीचीच मालकी बदलते.